अठरा तास अभ्यास आणि लेकरांची झोप

एप्रिल आला की महाविद्यालयांत, विद्यापीठांत, विहारांत 'सलग अठरा तास अभ्यास' हा उपक्रम होतो. बाबासाहेबांना असं अभिवादन केलेलं आम्हाला आवडतं. डीजेपेक्षा कितीतरी बरं. पण वर्षातला एक दिवस वेगळा आणि रोजचं वेळापत्रक वेगळं. घोडेगावातून नगरला, संभाजीनगरला, पुण्याला शिकायला गेलेली आपली लेकरं हा आकडा रोज डोक्यावर घेऊन जगतात. वर घरून फोनवर आपण ऐकवतो, "बाबासाहेब अठरा तास वाचायचे, तुला काय झालं?"

झोप चार-पाच तासांवर आली की वाचलेलं टिकत नाही, कारण शिकलेलं पक्कं होतं ते झोपेत. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते. ती तुटली की चिडचिड, धडधड, डोकेदुखी सुरू होते. मग जागं राहायला चहावर चहा, कुणाला सिगारेट, कुणाला मावा (आपल्या नगरी माव्यावर तर वेगळं पान लिहावं लागेल). सकाळी उठवत नाही म्हणून नाष्टा बुडतो. रात्री झोप येत नाही म्हणून मोबाईल, आणि मोबाईलमुळे झोप येत नाही. असं महिनोन्महिने चाललं की मन खचतं, आणि खचलेल्या मनाला पुन्हा झोप लागत नाही. खुद्द बाबासाहेबांना १९४८ च्या सुमारास मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावं लागत होतं, पाय दुखून झोप लागत नव्हती. त्यांचं हे दुखणंही लेकरांना सांगा.

पण सगळं झोपेवर ढकलून चालणार नाही. शिष्यवृत्तीचे, स्वाधारचे पैसे उशिरा येतात. खाणावळीचं बिल थकलं की लेकरू एका वेळेवर भागवतं आणि घरी सांगत नाही, कारण आई कांदा मार्केटात दिवसभर कांदा निवडते हे त्याला ठाऊक असतं. "जेवलास का?" विचारलं की "हो" असंच उत्तर येतं. त्यापेक्षा "आज काय जेवलास, किती वाजता?" असं विचारा.

जातीवरून, 'कोट्या'वरून मारलेले टोमणे हे तिसरं कारण. जळगावची आदिवासी डॉक्टर पायल तडवी मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेत होती. वरिष्ठांकडून जातीवरून छळ होत असल्याची तिच्या घरच्यांची तक्रार होती. २२ मे २०१९ रोजी ती गेली. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्याची सरकारी नोंद आहे. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. छळ होत असेल तर "दुर्लक्ष कर" म्हणू नका. यूजीसीच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी असायला हवा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि लेकराला एकटं पाठवू नका.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक बिघडलेली, आवडीच्या गोष्टी सुटलेल्या, मित्र टाळणं, "माझा काही उपयोग नाही" असं बोलणं दिसलं तर तो आळस समजू नका, बाहेरची बाधा तर मुळीच नाही. बरेचसे मानसिक आजार पंचविशीच्या आतच सुरू होतात. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही, उलट लेकरू मोकळं होतं. उत्तर "हो" आलं तर क्षणभरही एकटं सोडू नका, जवळचं रुग्णालय गाठा किंवा १०८ ला फोन करा.

बोलायला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. फुकट आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं, आईबापही फोन करू शकतात. नगरच्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. डॉक्टरांनी उदासीवर गोळ्या दिल्या तर फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. "सवय लागेल" या शेजारणीच्या सांगण्यावरून त्या मधेच बंद करू नका. सुरुवातीचे काही आठवडे लेकराला शक्यतो घरीच ठेवा, आणि रात्री दहानंतर त्याचा मोबाईल आईच्या उशाशी असू द्या.