एसीएल सर्जरी : दोरी मजबूत, पण खुंटीचं काय?

कबड्डी किंवा टर्फवर फुटबॉल खेळताना गुडघा पिरगळला, ‘कट’ असा आवाज आला, एमआरआयमध्ये एसीएल तुटल्याचं दिसलं, की पहिला प्रश्न असतो, "नवीन लिगामेंट किती टिकेल?" मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. त्यामुळे मला दुसराच प्रश्न पडतो : ही नवीन दोरी हाडाला बांधतात कशी?

सर्जन मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडतात. त्यातून तुमचाच टेंडन, म्हणजे ग्राफ्ट, ओवतात. तरुण माणसाचं मूळ एसीएल साधारण २१६० न्यूटन, म्हणजे जवळपास २२० किलोचा ताण सोसतं. ग्राफ्टही दणकट असतो. पण दावं कितीही भक्कम असो, खुंटी हलली की जनावर मोकळं! १९८७ साली कुरोसाका आणि सहकाऱ्यांनी मृतदेहांच्या गुडघ्यांवर चाचण्या करून हेच दाखवलं : सुरुवातीला कच्चा दुवा ग्राफ्ट नसतो, त्याची पकड असते.

ही पकड मुख्यतः दोन प्रकारे मिळते.

१. इंटरफेरन्स स्क्रू : बोगद्यात ग्राफ्टच्या शेजारी स्क्रू पिळून तो हाडाशी दाबून बसवतात. पकड सांध्याच्या जवळ असते, त्यामुळे हालचाल कमी. स्क्रू टायटॅनियमचा, पीक नावाच्या प्लास्टिकचा किंवा शरीरात विरघळणारा असतो. धातूमुळे नंतरच्या एमआरआयमध्ये आजूबाजूचं चित्र बिघडू शकतं. विरघळणारा स्क्रू बसवताना कधीकधी तुटतो. हाड ठिसूळ असेल तर पकडही कमी.

२. बटण : धातूची छोटी पट्टी मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या कडक थरावर आडवी अडकते आणि ग्राफ्ट तिच्या लूपला लटकतो. पकड जबरदस्त. पण ती सांध्यापासून लांब असल्याने ग्राफ्ट बोगद्यात किंचित हलू शकतो आणि बोगदा रुंदावू शकतो.

मांडीच्या मागचा हॅमस्ट्रिंग टेंडन वापरला असेल तर अनेकदा दोन्ही एकत्र दिसतात : वर बटण, खाली स्क्रू. वाटीखालच्या टेंडनला मात्र दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात, म्हणून तिथे स्क्रू छान बसतो.

मग भारी कोणतं? रुग्णांच्या अनुभवात दोन्हींत मोठा फरक दिसत नाही. खरा मुद्दा वेळेचा आहे. स्क्रू आणि बटण ही तात्पुरती व्यवस्था. कायमची पकड हाड स्वतः तयार करतं. हाडाला हाड साधारण ६ आठवड्यांत जुळतं, नुसत्या टेंडनला ८ ते १२ आठवडे लागतात. त्यानंतरही ग्राफ्ट आतून बदलत राहतो. म्हणूनच दोन-तीन महिन्यांत गुडघा ‘एकदम ओके’ वाटला तरी मैदानात उतरू नका. ९ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा दुखापत होण्याचा धोका जास्त असतो.

सर्जरीआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : ग्राफ्ट कुठला? वर-खाली फिक्सेशन कोणतं? आणि त्यानुसार माझा फिजिओ प्लॅन काय? उत्तरं फोनमध्ये नोट करून ठेवा. पुढच्या एमआरआयच्या वेळी हीच नोट कामी येईल.