जेन्शियाना अकॉलिस : शैलोद्यानातील लागवड आणि न फुलण्याचा प्रश्न

प्रस्तावना :
आल्प्स, पिरेनीज इत्यादी युरोपीय पर्वतांवर, सुमारे ३००० मीटर उंचीपर्यंतच्या कुरणांत व खडकाळ उतारांवर जेन्शियाना अकॉलिस ही बहुवर्षायू वनस्पती आढळते. लिनीअस यांनी १७५३ मध्ये दिलेल्या या नावातील ‘अकॉलिस’ म्हणजे ‘खोडविरहित’. ती किराईत कुलातील असल्याने आपल्याकडे औषधात परिचित असलेल्या काडेचिराइताची दूरची नातलग ठरते. तिच्या सदाहरित पानांचे झुबके जमिनीलगत पसरून गादी तयार होते व वसंत ऋतूत त्यावर सुमारे ५ सेंमी. लांबीची, कर्ण्याच्या आकाराची गडद निळी फुले येतात. ढगाळ हवेत ती मिटतात. युरोपातील शैलोद्यानांत तिला मानाचे स्थान आहे; मात्र ती जगविणे सोपे व फुलविणे कठीण, असा तेथील उद्यानप्रेमींचा जुना अनुभव आहे. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने याच प्रश्नाचा विचार केला आहे.

जागा, माती व पाणी :
भरपूर सूर्यप्रकाश, मुळांना गारवा आणि पाण्याचा चांगला निचरा या तिच्या मुख्य गरजा होत. पोयट्याच्या मातीत बारीक खडी मिसळून रोप घट्ट दाबून लावतात. भुसभुशीत मातीत ते नीट रुजत नाही. चुन्याबाबत मात्र परस्परविरोधी सल्ले दिले जातात. त्याचे कारण नावातील घोटाळ्यात आहे. खरी अकॉलिस आम्लधर्मी जमिनीत वाढते, तर तिच्यासारखीच दिसणारी जेन्शियाना क्लुसाय चुनखडीवर वाढते. रोपवाटिकांत ‘अकॉलिस’ या नावाने मिळणारी रोपे पुष्कळदा संकरित असतात व त्यांपैकी अनेक थोडाफार चुना सहन करतात.

न फुलण्याची कारणे :
सावली, नत्रयुक्त खतांचा अतिरेक आणि उन्हाळ्यातील कोरडेपणा ही नेहमीची कारणे होत. पुढील वसंतातील कळ्यांची तयारी आदल्या हंगामातच होत असल्याने उन्हाळ्यात तोडलेल्या पाण्याचा परिणाम कित्येक महिन्यांनी दिसतो. गोगलगायी कोवळ्या कळ्या खातात, हेही विसरून चालत नाही. तथापि, सर्व काळजी घेऊनही काही रोपे फुलत नाहीत, कारण फुलण्याचा गुण रोपागणिक कमी-अधिक असतो. म्हणूनच फुलावर असलेले रोप विकत घेणे, हा खतांविषयीच्या कोणत्याही सल्ल्यापेक्षा अधिक भरवशाचा उपाय म्हणता येईल. न फुलणारी गादी विभागून तिचे तुकडे बागेच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत लावून पाहण्याची पद्धतही रूढ आहे. रानातील रोपे उपटून आणणे सर्वथा गैर होय. जर्मनीत या प्रजातीला कायद्याचे संरक्षण आहे.

अभिवृद्धी :
फुलणाऱ्या रोपाचे विभाजन केल्यास नव्या रोपांत तोच गुण उतरतो. बियांपासून तशी खात्री नसते. बिया शरद ऋतूत पेरून कुंड्या हिवाळाभर उघड्यावर ठेवतात, कारण थंडी लागल्याशिवाय त्या नीट रुजत नाहीत. महाराष्ट्रातील बागांत हा दीर्घ थंडावा लाभत नसल्याने तेथे या वनस्पतीची लागवड व्यवहार्य नाही. रोपे सावकाश वाढतात आणि पहिल्या फुलासाठी काही वर्षे वाट पाहावी लागते.