देखणी खोली मापातून उभी राहते

घर बांधले की ते सजवावेसे वाटते. जयसिंगपूर, इचलकरंजी, सांगली या पट्ट्यात मोठे बंगले पुष्कळ झाले. त्यांच्या मालकांपैकी अनेकांना आता जुन्या राजवाड्यांच्या धाटणीची, ज्याला 'क्लासिकल' म्हणतात तशी सजावट हवी असते. हे काम बहुधा मोठ्या शहरातल्या डिझायनरकडे जाते. मग त्याच्याबरोबर पडदे, फर्निचर, पॉलिश सारे बाहेरूनच येते आणि गावातला सुतार, शिंपी, कापडवाला बाजूला राहतो. हे काम आपल्या हाती यावे असे वाटत असेल, तर अशी खोली सुंदर का दिसते हे आधी समजून घेतले पाहिजे.

जवळचा नमुना

त्यासाठी लांब जायला नको. कोल्हापूरचा नवा राजवाडा पाहावा. तो १८७७ ते १८८४ या काळात काळ्या दगडात बांधला गेला. आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट या इंग्रज अभियंत्याचा. बडोद्याच्या लक्ष्मी विलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. १८८१ मध्ये मॅन्ट वारले आणि ही दोन्ही कामे त्यांच्या पश्चात पुरी झाली. त्यांनी विलायती आखणीत इथल्या कमानी, घुमट आणि नक्षी बसवली. कोल्हापूरच्या दरबार हॉलमध्ये उभे राहिले की उंच कमानी आणि शिवचरित्रातील प्रसंग रंगवलेल्या काचा दिसतात. नक्षी भरपूर आहे, पण डोळा कुठे अडखळत नाही. कारण प्रत्येक गोष्ट ठरलेल्या मापात आणि ठरलेल्या जागी आहे.

माप म्हणजे काय, हे जयसिंगपूरकरांना वेगळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या वडिलांच्या नावाने वसवलेले हे गाव मुळातच आखून वसवलेले आहे. सरळ, रुंद रस्ते आणि काटकोनात मिळणाऱ्या गल्ल्या. जे गावाला लागू, तेच खोलीला लागू.

भिंतीचे तीन भाग

या धाटणीचे मूळ प्राचीन ग्रीक आणि रोमन इमारतींत आहे. तिथल्या खांबाला खाली बैठक, मध्ये दांडा आणि वर शीर्ष असते. भिंतही तशीच विभागतात. खाली सुमारे तीन फुटांपर्यंत लाकडी किंवा रंगाचा पट्टा, मध्ये मोकळी भिंत किंवा कापड, आणि वर छताला लागून कंगोरा. दुसरा नियम तोलाचा. दार किंवा मोठा आरसा मध्यभागी, आणि दोन्ही बाजूंना सारखे सामान. दहा फूट उंचीच्या खोलीत महालातला जाड कंगोरा बसवला तर छत डोक्यावर आल्यासारखे वाटते. म्हणून नक्कल नक्षीची नव्हे, प्रमाणाची करावी.

अठराव्या शतकात रॉबर्ट ॲडम (१७२८–१७९२) हे स्कॉटिश वास्तुकार या कामात फार नावाजले गेले. त्यांनी इटलीत राहून रोमन अवशेषांची मापे घेतली आणि ती विद्या घराच्या आत आणली. लंडनजवळच्या सायन हाउसमधील त्यांच्या एका दिवाणखान्यात भिंतींना लाल रेशीम लावलेले आहे, तर खालचा गालिचाही ॲडम यांच्याच नमुन्यावरून विणलेला आहे. छत, भिंत आणि जमीन एकाच हाताने आखली होती. नफासत म्हणतात ती हीच.

आपल्या हातातले काम

अशा खोलीत कापडाचा वाटा मोठा असतो, आणि बहुतेक चुका पडद्यातच होतात. पडदा जमिनीपर्यंत उतरला पाहिजे, चुण्या भरपूर पडल्या पाहिजेत आणि आत अस्तर हवे. अस्तराने पडद्याला वजन येते आणि उन्हाने रंग उडत नाही.

हिशोब असा करावा. समजा रॉड सात फुटांचा आहे. चुण्यांसाठी दुप्पट धरले तर चौदा फूट, म्हणजे १६८ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच असेल तर साडेतीन पन्हे होतात, म्हणून चार घ्यावेत. उंची ९६ इंच आणि वरखालची दुमड १२ इंच, असे १०८ इंच. चार पन्ह्यांना सुमारे ११ मीटर कापड लागले. पण कापडावर दर २४ इंचांनी येणारा मोठा बुट्टा असेल, तर पन्हे जुळवण्यासाठी प्रत्येक तुकडा १२० इंचांचा कापावा लागतो, आणि कापड सव्वाबारा मीटरच्या आसपास जाते. हा सव्वा मीटर आधी सांगितला नाही, तर नंतर गिऱ्हाईकाशी वाद होतो किंवा बुट्टा मोडतो. मखमल असेल तर सर्व तुकड्यांची लव एकाच दिशेला ठेवावी, नाहीतर एकच रंग दोन छटांचा दिसतो.

सुतारानेही कामापूर्वी भिंतीचे माप कागदावर मांडावे, पॉलिशचा नमुना फळीवर करून दाखवावा आणि दर लिहून द्यावा. डिझायनरकडे लोक जातात ते केवळ त्याच्या नावासाठी नव्हे. काम पुरे झाल्यावर खोली कशी दिसेल, हे तो आधी दाखवतो म्हणून जातात. हे आपल्यालाही करता येते. शिंपी, सुतार आणि कापडवाला यांनी मिळून एका खोलीचा एकच अंदाज दिला, तर मालकाला चार ठिकाणी फिरावे लागणार नाही.

नाव कोणाचे?

राजवाडा म्हटला की मॅन्टचे नाव निघते. दगड घडवणाऱ्या हातांचे नाव कोणी घेत नाही. सायन हाउसच्या त्या गालिच्यावर मात्र टॉमस मूर या कारखानदाराचे नाव आणि १७६९ हे साल विणलेले आहे. ॲडम यांच्या नावाबरोबर तेही टिकले. आपल्या कारागिरांनीही पडद्याच्या दुमडीत आपल्या नावाची पट्टी शिवावी, कपाटाच्या आतल्या फळीवर नाव आणि साल लिहावे. नाव लिहिले की काम चोख करावेच लागते, आणि चोख काम पाहून शेजारचा गिऱ्हाईक त्याच नावाचा शोध घेत येतो.