कागदपत्रांचा ई-मेल कुलूपबंद कसा पाठवायचा?

मागे शहापुरात एका झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो, तर कॉम्प्युटरवर आधीच्या गिऱ्हाइकाचा ई-मेल तसाच उघडा. आधार, पासबुक, सातबारा, सगळं समोर. मी तो बंद केला. पण प्रत्येक जण करेलच असं नाही. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेल्यापासून जमिनीच्या कागदांचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको. आखातात असलेल्या भावाला आपण हेच कागद ई-मेलने पाठवतो.

साधा ई-मेल पासवर्ड हाती लागलेल्या कोणालाही वाचता येतो. एंड-टू-एंड एन्क्रिप्शन केलेला मेल मात्र फक्त ज्याच्याकडे किल्ली आहे त्यालाच उघडतो. दुकानातल्या कॉम्प्युटरवर तो नुसता अगम्य अक्षरांचा गठ्ठा दिसतो.

यासाठी घरच्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ही सोय त्यातच आहे.

१. आपलं ई-मेल खातं जोडा. मग 'अकाउंट सेटिंग्ज'मध्ये 'एंड-टू-एंड एन्क्रिप्शन' उघडून 'अ‍ॅड की' दाबा आणि नवीन ओपनपीजीपी किल्ली तयार करा. किल्ल्यांची जोडी बनते. सार्वजनिक किल्ली म्हणजे उघडं कुलूप, ते कोणालाही द्या. खासगी किल्ली मात्र कोणालाच देऊ नका.

२. भावालाही हेच करायला सांगा. मेलला जोडून एकमेकांना सार्वजनिक किल्ली पाठवा आणि आलेली किल्ली स्वीकारा. एकाच बाजूने करून भागत नाही.

३. ही पायरी बहुतेक जण गाळतात. किल्लीचा 'फिंगरप्रिंट' म्हणजे ४० अक्षर-अंकांची ओळख. फोन लावा, भावाचा आवाज ओळखा आणि ती वाचून जुळवा. नाहीतर भावाच्या नावाने दुसऱ्याच कोणाची किल्ली आली तरी कळणार नाही.

४. मेल लिहिताना 'एन्क्रिप्ट' दाबा, मगच कागद जोडून पाठवा.

शेवटी दोन कामं राहतात. सेटिंग्जमध्ये 'प्रायमरी पासवर्ड' लावा आणि खासगी किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर काढून घरातल्या कपाटात ठेवा. कॉम्प्युटर बिघडला आणि प्रत नसेल, तर जुने कुलूपबंद मेल तुम्हालाही उघडता येणार नाहीत. 'पासवर्ड विसरलो' म्हणायची सोय इथे नाही.

मर्यादाही समजून घ्या. कोणी कोणाला, कधी मेल पाठवला हे लपत नाही. आधी साधे पाठवलेले मेलही आपोआप कुलूपबंद होत नाहीत; ते दोघांनी शोधून काढून टाकावेत. आणि ज्या कार्यालयाकडे किल्लीच नाही, तिथे हा मार्ग चालत नाही.

घरचे कागद ही अमानत आहे. मुलांना हाताशी घ्या, एका रविवारी बसा. तासाभराचं काम आहे.