हडप्पा संस्कृती वर्गात शिकवताना

हडप्पा संस्कृतीची नगरे इ.स.पू. २६०० ते इ.स.पू. १९०० या काळात भरभराटीला आली. पाकिस्तानातील पंजाबमधले हडप्पा, सिंधमधले मोहेंजोदडो, हरियाणातली राखीगढी, राजस्थानातले कालीबंगन, गुजरातमधली धोळावीरा आणि लोथल ही त्यांतली ठळक नावे. महाराष्ट्रात सहावीच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या संस्कृतीवर स्वतंत्र पाठ आहे. नगररचना, गटारे, महास्नानगृह, मुद्रा, व्यापार ही यादी मुलांना पटकन पाठ होते आणि परीक्षा उरकली की तितक्याच पटकन पुसली जाते. कर्तबगारीची नुसती यादी दिली की असे होणारच. ती कशावरून कळली आणि ती साधायला काय काय लागले, हे मुलांच्या हाताला आणि डोळ्यांना कळले तर पाठ टिकतो.

या संस्कृतीने आज वाचता येईल असा एकही मजकूर मागे ठेवलेला नाही. राजाचे नाव नाही, लढाईची तारीख नाही, कुणाचे चरित्र नाही. जे काही समजले आहे ते विटा, खापरे, मणी, वजने, हाडे आणि राखेचे थर यांवरून. शिकवणाऱ्याला ही उणीव वाटण्याचा संभव आहे, पण वर्गासाठी याहून चांगली सामग्री शोधून सापडणार नाही. प्रत्येक विधानाला ‘कशावरून?’ हा प्रश्न विचारता येतो, आणि उत्तरादाखल एखादी वस्तू दाखवता येते.

सुरुवात शोधाच्या कहाणीने करावी, कारण ती नुकसानीची कहाणी आहे. १८५०च्या दशकात लाहोर-मुलतान लोहमार्ग बांधला जात असताना हडप्पाच्या टेकाडातल्या भाजक्या विटा खडी म्हणून वापरल्या गेल्या. पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या नोंदीनुसार सुमारे १६० किलोमीटर मार्गाला पुरतील इतक्या विटा तिथून गेल्या. त्यांना तिथली एक मुद्राही मिळाली होती. ती किती जुनी आहे याची कल्पना मात्र त्या वेळी कुणालाच नव्हती. पुढे १९२१ मध्ये दयाराम साहनी यांनी हडप्पाचे आणि १९२२ मध्ये राखालदास बॅनर्जी यांनी मोहेंजोदडोचे उत्खनन सुरू केले. दोन्हीकडच्या वस्तू एकाच घडणीच्या निघाल्या, आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी एका अज्ञात संस्कृतीचा शोध लागल्याचे जाहीर केले. भारताचा इतिहास एका झटक्यात दीड-दोन हजार वर्षांनी मागे गेला.

ज्या विटांची खडी झाली, त्याच विटेपासून पुढचा धडा सुरू करता येतो. नगरांच्या काळातली वीट साधारण २८ सेंटिमीटर लांब, १४ सेंटिमीटर रुंद आणि ७ सेंटिमीटर जाड असते. मापे थोडीफार बदलतात, पण ४ : २ : १ हे प्रमाण एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवरच्या गावांत तसेच राहते. या प्रमाणाचे महत्त्व बोलून पटत नाही. मुलांना चिखलाच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या, निम्म्या मापाच्या वीस-पंचवीस विटा करायला द्याव्यात आणि भिंत रचायला सांगावी. दोन विटा शेजारी शेजारी ठेवल्या की त्यांची रुंदी एका विटेच्या लांबीइतकी भरते. त्यामुळे एका थरात विटा लांबीने आणि पुढच्या थरात रुंदीने लावता येतात, सांध्यावर सांधा येत नाही, भिंत पक्की होते आणि कोपरेही जुळतात. हेच मुलांनी मुद्दाम वेगळ्या प्रमाणाच्या विटा घेऊन करून पाहिले, तर प्रमाणबद्धता हा शब्द पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

वजनांचा धडा याहून सरस आहे. हडप्पाकालीन वजने बहुधा चर्ट नावाच्या कठीण दगडाची, घासून गुळगुळीत केलेली, घनाकृती असतात. त्यांवर आकडे नाहीत. सर्वांत लहान वजन एक मानले तर पुढची दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट अशी दुपटीने वाढतात. मोठ्या वजनांत दहाच्या पटी येतात. सोळापटीचे, सुमारे १३.७ ग्रॅमचे वजन सर्वांत जास्त संख्येने सापडते. दुपटीची युक्ती वर्गात चिंचोक्यांनी उलगडते. १, २, ४, ८, १६ आणि ३२ चिंचोक्यांच्या सहा पुरचुंड्या बांधायच्या, पट्टी आणि दोन डब्यांच्या झाकणांचा तराजू करायचा आणि मुलांना विचारायचे की एवढ्या सहा वजनांत कोणकोणती मापे तोलता येतील? एकपासून त्रेसष्टपर्यंत सगळी येतात, एकही सुटत नाही. हे उत्तर मुले स्वतः काढतात तेव्हा चार हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्याची हुशारी त्यांना मनापासून पटते. घरी आजी-आजोबांना जुनी मापे विचारून यायला सांगितले तर आणखी एक गंमत हाती लागेल : छटाक, अदपाव, पावशेर, अच्छेर, शेर ही मापेही दुपटीनेच वाढत होती. त्यावरून परंपरा अखंड चालत आली असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि तेही वर्गात सांगावे. सोयीची युक्ती माणसाला पुन्हा पुन्हा सुचू शकते.

पाण्याच्या व्यवस्थेबद्दल पाठ्यपुस्तकांत भरपूर असते, म्हणून तिथे आकडे जिवंत करण्याचे काम उरते. मोहेंजोदडोचे महास्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल आहे. शाळेच्या मैदानावर फक्कीने हा आयत आखून मुलांना त्यात उभे करावे. काठोकाठ भरायचे म्हटले तर दोन लाख लिटर पाणी लागते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या वीस खेपा. एवढे पाणी झिरपू नये म्हणून विटांचे सांधे घट्ट बसवले, त्यांत जिप्समचा गिलावा भरला आणि मागे नैसर्गिक डांबराचा थर दिला. घरोघरी न्हाणीघरे होती, त्यांचे पाणी रस्त्याकडेच्या झाकलेल्या गटारांत जाई आणि गाळ काढता यावा म्हणून मध्ये खड्डे ठेवलेले असत. धोळावीऱ्यात गोष्ट वेगळी होती. तो भाग कोरडा. तिथल्या लोकांनी दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी बांध घालून वळवले आणि खडकात खोदलेल्या, दगडांनी बांधलेल्या मोठमोठ्या हौदांत साठवले. सिंधूकाठच्या शहराला पाणी बाहेर काढण्याची चिंता होती, तर कच्छमधल्या शहराला आत आणण्याची. ही तुलना मुलांनी नकाशावर बोट ठेवून करावी.

कारागिरीसाठी एकच वस्तू निवडायची तर ती लाल कार्नेलियनचा लांब मणी असावी. हा अकीक जातीचा दगड गुजरातेत मिळतो. खाणीतून निघताना तो पिवळट-तपकिरी असतो. मंद आचेवर तापवला की त्यातल्या लोहामुळे लाल होतो. मग टवके काढून आकार द्यायचा, घासायचे, भोक पाडायचे आणि झिलई चढवायची. खरी कसोटी भोक पाडण्यात लागते. हडप्पाकालीन कारागीर त्यासाठी एका असाधारण कठीण दगडाची निमुळती टोके वापरत. पुरातत्त्वज्ञ मार्क केनॉयर यांनी गुजरातमधल्या खंभातच्या आजच्या मणी-कारागिरांचे काम पाहून आणि स्वतः प्रयोग करून दाखवले की अशा टोकाने तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पडते. दहा सेंटिमीटर लांबीच्या मण्याला चाळीस तास नुसत्या भोकासाठी, आणि शेवटच्या क्षणी तडा गेला तर सगळे फुकट. भोक दोन्ही टोकांकडून पाडत नेत आणि मध्यावर जुळवत. मुलांना एकेक खडू आणि टाचणी देऊन दोन्ही बाजूंनी भोक जुळवायला सांगावे. बरेच खडू मोडतील. खडू तर मऊ. दगडात हे करणाऱ्याच्या हाताची मोठी तारीफ वेगळी करावी लागणार नाही.

असे मणी इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांतही सापडले आहेत. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे प्राचीन इराकमधल्या, अक्कडचा राजा सार्गोन याच्या लेखात मेलुहाची जहाजे आपल्या बंदराला लागतात असा अभिमानाने उल्लेख आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधू खोऱ्याचा प्रदेश असे बहुतेक अभ्यासक मानतात. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या एका मेसोपोटेमियन मुद्रेवर शु-इलिशु नावाच्या माणसाचा उल्लेख मेलुहाच्या भाषेचा दुभाषी असा आहे. दुभाष्याची गरज पडावी इतके जाणे-येणे होते, हे मुलांना लगेच समजते.

कर्तबगारी सांगताना दोन्हीकडचा तोल सांभाळावा लागतो. ‘जगात सर्वप्रथम’ हे शब्द जिथे तिथे लावण्याचा मोह टाळलेलाच बरा; उरुकसारखी मेसोपोटेमियन शहरे त्याआधीच उभी राहिली होती आणि न्हाणी-गटारे तिथेही होती. उलट, पिरॅमिड नाहीत, सोन्याने मढवलेले राजे नाहीत, म्हणून ही संस्कृती फिकी असे मुलांना वाटू लागते. तिचे वेगळेपण सामान्य घरापर्यंत पोचलेल्या सोयींत आणि विस्तीर्ण प्रदेशात पाळल्या गेलेल्या एकसारख्या मापांत आहे. ही शिस्त कुणी राखली, राजाने, व्यापाऱ्यांनी की नगरसभेसारख्या एखाद्या मंडळाने, याचा निर्णय झालेला नाही.

जे ठरलेले नाही ते ठरलेले म्हणून शिकवले की पुढे अडचण होते. मोहेंजोदडोच्या एका मोठ्या इमारतीला पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी धान्यकोठार म्हटले, आणि ते नाव पुस्तकांत घट्ट बसले. तिथे धान्याचा पुरावा मिळालेला नाही. दाढीवाल्या दगडी पुतळ्याला ‘पुरोहित राजा’ हे नाव उत्खनकांनी दिले. तो पुरोहित होता की राजा, की दोन्ही नव्हता, हे पुतळा सांगत नाही. लोथलचा २१४ मीटर लांबीचा, विटांनी बांधलेला तलाव एस. आर. राव यांच्या मते गोदी होता. काही अभ्यासकांना तो पाण्याचा साठा वाटतो. वर्गाचे दोन गट करून दोन्ही बाजू मांडायला लावाव्यात, असा हा विषय आहे.

लिपीचेही तसेच. सुमारे चारशे चिन्हे, बहुधा उजवीकडून डावीकडे लिहिलेली. एका लेखात सरासरी पाचच. इतक्या तोकड्या लेखांमुळे आणि द्विभाषिक लेख न मिळाल्यामुळे ती अजून वाचता आलेली नाही. धोळावीऱ्याच्या वेशीजवळ दहा मोठ्या चिन्हांची पाटी सापडली. मुलांना तिचे चित्र द्यावे, अर्थ लावायला सांगू नये. कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजायला सांगावे. लिपीतज्ज्ञांच्या कामाची सुरुवात अशीच मोजणीने होते.

ऱ्हासाबद्दल जुन्या पुस्तकांनी एक मोठा गैरसमज रुजवला. मोहेंजोदडोत सापडलेल्या काही सांगाड्यांवरून व्हीलर यांनी आर्यांच्या हल्ल्याची कल्पना मांडली. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवून दिले की ते सांगाडे एका काळाचे नाहीत आणि कत्तलीच्या खुणाही नाहीत. पावसाचे प्रमाण घटणे, नद्यांचे प्रवाह बदलणे किंवा आटणे, दूरचा व्यापार मंदावणे अशी कारणे आता मांडली जातात. शहरे ओस पडली, माणसे नाहीशी झाली नाहीत. ती पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे लहान वस्त्यांत पांगली.

महाराष्ट्रातल्या वर्गाला हा शेवटचा टप्पा जवळचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथल्या पाच वस्ती-थरांपैकी एक थर उत्तर हडप्पा काळाचा, म्हणजे शहरे ओस पडू लागल्यानंतरच्या काळाचा असून त्यात हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या वस्तू मिळाल्या. १९७४ मध्ये याच गावात योगायोगाने चार भरीव धातुशिल्पे सापडली : हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडी जुंपलेला रथ, त्यावर उभा सारथी. रथ ४५ सेंटिमीटर लांबीचा आहे. शिल्पे उत्खननाच्या थरातून न मिळाल्यामुळे त्यांचा काळ वादाचा ठरला. घडण आणि नंतरचे उत्खनन पाहून एम. के. ढवळीकर, एस. ए. साळी यांच्यासारख्या अभ्यासकांनी ती उत्तर हडप्पा काळाची मानली. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावरून डी. पी. अग्रवाल यांनी शंका घेतली. सहावीच्या मुलांना शिल्पांची छायाचित्रे आणि दोन्ही बाजूंचे पुरावे सोप्या भाषेत द्यावेत, आणि प्रश्नपत्रिकेत ‘माहिती लिहा’ऐवजी ‘तुम्हाला कोणते मत पटते, कशावरून?’ असे विचारावे. दोन्ही उत्तरांना गुण मिळायला हवेत, पुरावा दिलेला असला म्हणजे झाले.