हाड मांडीचे, घाव हृदयावर

पहाटे न्हाणीकडे जाताना आजी घसरतात. खुब्यात जीवघेणी कळ येते, उठता येत नाही. एक पाय आखूड दिसतो आणि पंजा बाहेर वळलेला असतो. सोलापूरजवळच्या मंद्रूपमध्ये काय किंवा पलीकडच्या कोणत्याही गावात काय, पुढचे वाक्य ठरलेले असते : ‘‘पायच मोडलाय न्हवं, जिवाला काय न्हाय.’’ सगळे पायाभोवती जमतात. हृदयाकडे कोणी पाहत नाही.

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. मांडीचे हाड मधोमध मोडले तर त्यातले लिटर-दीड लिटर मांडीतच साचू शकते, बाहेर एक थेंबही न दिसता. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये रक्त त्याहून कमी जाते, पण वय जास्त असते. उरलेले रक्त सगळीकडे पोहोचवायला हृदय धावू लागते. वेदनेमुळे अ‍ॅड्रेनॅलिन वाढते आणि रक्त लवकर गोठू लागते. तरुण हृदय हे निभावून नेते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे चरबीचे थर साचले आहेत, त्यांच्यात एखादा थर फुटून गुठळी होऊ शकते. कधी गुठळीही होत नाही. हृदयाला लागते तेवढे रक्त मिळत नाही, एवढ्यानेच त्याचा स्नायू मरू लागतो.

हाडाच्या इजेनंतर हृदय थांबण्याचे सगळेच प्रसंग झटक्याचे नसतात. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत तत्कालीन केंद्रीय मंत्री गोपीनाथ मुंडे यांचा मोटार अपघातात मृत्यू झाला, तेव्हा महाराष्ट्रभर पहिली बातमी पसरली ती हृदयविकाराच्या झटक्याची. शवविच्छेदनात मानेच्या मणक्याची आणि यकृताची इजा पुढे आली. हृदयाच्या स्नायूला रक्त न पुरल्याने येतो तो झटका. हृदय बंद पडणे वेगळे, त्याची कारणे अनेक असतात. मोडलेल्या हाडातल्या मज्जेची चरबी एक ते तीन दिवसांत फुप्फुसात जाऊन धाप लावू शकते. पायात झालेली गुठळीही तिथे अडकू शकते. वरून हे सारे झटक्यासारखेच दिसते.

खरा झटका मात्र अनेकदा मुका असतो. वेदनाशामक औषधांनी छातीतली कळ झाकली जाते, जुन्या मधुमेहात ती कधी कधी जाणवतच नाही. हृदयाखेरीज इतर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा एक आंतरराष्ट्रीय अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात झटका आलेल्यांपैकी सुमारे ६५ टक्के रुग्णांना कोणतेच लक्षण जाणवले नव्हते. चारांतले तीन झटके शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ४८ तासांतले होते. म्हणूनच ईसीजी आणि रक्तातल्या ट्रोपोनिनची तपासणी महत्त्वाची. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते.

मंद्रूपहून महामार्गाने सोलापूर वीस-पंचवीस किलोमीटर. हाडवैद्याकडे चोळून घेण्यात दोन दिवस गेले, तर हृदयासाठी धोक्याचे तास घरातच सरतात. पाय हलू न देता १०८ ला फोन करा. रुग्णालयात गेल्यावर रक्तदाब, मधुमेह, पूर्वीची अँजिओप्लास्टी आणि रक्त पातळ करणारी गोळी, सगळे सांगा. गोळ्यांची पिशवी सोबत न्या. नंतरच्या दिवसांत धाप, दरदरून घाम किंवा बरळणे दिसले, तर ‘वयच झालंय’ म्हणून सोडून देऊ नका.

आजींच्या पायाला आधार देणारे हात घरात पुष्कळ असतात. त्यांतला एक त्यांच्या मनगटावर, नाडीवर असू द्या.