आधी पाणी, मग साबण, शेवटी पाते

‘बिनपाण्याने हजामत करणे’ हा वाक्प्रचार मराठीत एखाद्याची पुरती खरडपट्टी काढली की वापरला जातो. कोरड्या गालावर वस्तरा फिरला तर काय होते, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यात सामावलेला आहे. तरीही दाढीचे साहित्य घेताना आजचा ग्राहक प्रथम पात्याची चौकशी करतो, मग यंत्राची, त्यानंतर साबणाची. पाण्याचा विचार तो बहुधा करीतच नाही. ब्रशने फेस काढून दुधारी पात्याने दाढी करण्याच्या जुन्या पद्धतीकडे अनेक तरुण पुन्हा वळत आहेत. तयार फेसाचे डबे आणि महागडी कार्ट्रिजे यांना कंटाळून वळणाऱ्या या मंडळींची पहिली निराशा बहुतेकदा पात्यामुळे होत नाही, पाण्यामुळे होते. हे समजून घ्यायचे तर गोव्याची तुलना दूरच्या एका मराठीभाषक प्रदेशाशी करून पाहणे उपयोगी ठरते.

एकच साबण, दोन प्रदेश

मध्य प्रदेशच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेला लागून पांढुर्णा आणि सौंसर ही गावे आहेत. पूर्वी हा भाग छिंदवाडा जिल्ह्यात होता; २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. संत्री आणि कापूस पिकवणाऱ्या या पट्ट्यात घरोघरी मराठी बोलली जाते आणि मोठ्या खरेदीसाठी लोकांची पावले नागपूरकडे वळतात. नागपूरच्या बाजारातून तेथे जाणारी साबणाची वडी आणि म्हापशाच्या किंवा मडगावच्या दुकानातली वडी एकाच कारखान्यातली असू शकते. फेस मात्र दोन्हीकडे सारखा निघत नाही.

याचे कारण जमिनीखाली आहे. पांढुर्ण्याचा परिसर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. सौंसरकडे त्याहून फार जुने खडक आढळतात. भूशास्त्रात ते ‘सौंसर समूह’ या नावानेच ओळखले जातात. त्यांत मँगनीजबरोबर संगमरवराचेही थर आहेत. अशा खडकांतून झिरपत विहिरीत आणि कूपनलिकेत येणारे पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येते. असे पाणी जड, म्हणजेच कठीण असते. भारतीय मानक ब्यूरोने पिण्याच्या पाण्यासाठी एकूण कठीणपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम ठेवली आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट दिली आहे. म्हणजे पिण्यास योग्य ठरलेले पाणीही साबणाच्या दृष्टीने बरेच जड असू शकते.

गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जमीन जांभ्या दगडाची आहे आणि नळाचे बरेचसे पाणी नद्या व धरणांतून येते. हे पाणी सहसा मृदू असते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींत खारेपणा उतरतो, तेथे हा नियम लागू होत नाही. गोव्यातून विदर्भात किंवा मध्य प्रदेशात नोकरीला गेलेल्या माणसाला ‘इथला साबण नकली आहे’ असे वाटते. प्रत्यक्षात साबण तोच असतो, पाणी बदललेले असते.

फेस का फुटतो

साबण म्हणजे स्निग्धाम्लांचे क्षार. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचा या स्निग्धाम्लांशी संयोग झाला की पाण्यात न विरघळणारा चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा पांढुरका थर तो हाच. जेवढा साबण या साक्यात गेला, तेवढा फेसाला मुकला. उरलेला फेस पातळ राहतो, गालावर लवकर सुकतो आणि पाते मधेच अडखळते. वापरणारा पात्याला दोष देतो, अधिक दाबून फिरवतो आणि कापून घेतो.

आपले पाणी कसे आहे, याची परीक्षा घरी होऊ शकते. दोन सारख्या स्वच्छ बाटल्या घ्याव्यात. एकीत पावसाचे किंवा बॅटरीसाठी मिळणारे ऊर्ध्वपातित पाणी, दुसरीत घरचे पाणी अर्ध्यापर्यंत भरावे. दोन्हींत साबणाचा सारखाच लहान तुकडा टाकून जोराने हलवावे. घरच्या पाण्याला फेस कमी आला आणि ते दुधासारखे गढूळ झाले, तर पाणी जड आहे.

त्यावर उपायही सोपा आहे. जडपणा बायकार्बोनेटांमुळे आलेला असेल तर पाणी उकळल्यावर तो बराच कमी होतो. भांड्याच्या तळाशी पांढरी खर बसते ती त्याचीच खूण. पाणी उकळून, निवळवून वरचे तेवढे घ्यावे. दाढीला पेलाभर पाणी पुरते, त्यामुळे हा खटाटोप फार नाही. सल्फेटांमुळे आलेला जडपणा मात्र उकळल्याने जात नाही. तेथे साठवलेले पावसाचे पाणी किंवा गाळणयंत्राचे पाणी वापरणे इष्ट.

साबणाची निवड

अंगाच्या साबणाने दाढी करू नये, असे जाणकार सांगतात ते सकारण. अंगाचा साबण प्रामुख्याने सोडियमचा, कडक आणि मळ काढण्यासाठी बनवलेला असतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त असते आणि सोडियमबरोबर पोटॅशियमचा क्षारही वापरतात. स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट होतो आणि टिकतो, पोटॅशियममुळे तो मऊ होऊन पाण्यात चटकन उतरतो. खोबरेल तेलामुळे फेस झटपट येतो, पण त्याचे प्रमाण वाढल्यास त्वचा कोरडी पडते. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवते. ट्यूबमधले क्रीम हे बहुतांशी याच घटकांचे, अधिक पाणी असलेले रूप आहे. नवशिक्याला त्याचा फेस काढणे सोपे जाते.

जड पाण्याच्या गावी वेष्टनावर ‘टेट्रासोडियम ईडीटीए’ हा घटक आहे का, हे पाहावे. तो कॅल्शियमला बांधून ठेवतो आणि साबण वाचवतो. तेथे साबण थोडा अधिक आणि पाणी थेंबाथेंबाने घ्यावे लागते. गोव्याच्या मृदू पाण्यात याच्या उलट चूक होते. फेस भराभर फुगतो, पण त्यात हवाच जास्त असते. दाढीचा चांगला फेस दह्याच्या सायीसारखा असावा. मोठे बुडबुडे दिसले तर तो निरुपयोगी समजावा.

स्टिअरिक आम्ल पामतेलापासून मिळते, तसेच प्राणिज चरबीपासूनही मिळते. शाकाहाराचा आग्रह असणाऱ्यांनी वेष्टनावर ‘टॅलोवेट’ हा शब्द शोधावा. तो चरबीचा निदर्शक आहे. वनस्पती तेलांच्या साबणाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. प्राणिज चरबी टाळून केलेला गोदरेजचा ‘चावी’ साबण शंभर वर्षांपूर्वीच मुंबईत आला होता.

ब्रश: हवामान पाहून

ब्रशची कामे दोन: फेस काढणे आणि केस उभे करून त्यांच्या मुळाशी पाणी पोहोचवणे. केसांनुसार त्याचे मुख्य प्रकार तीन. डुकराच्या राठ केसांचा ब्रश स्वस्त आणि कणखर असतो. तो वापरण्यापूर्वी काही मिनिटे भिजवावा लागतो आणि काही आठवड्यांनी केसांची टोके दुभंगून मऊ होतात. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी भरपूर धरतो, पण महाग असतो. कृत्रिम तंतूंचा ब्रश भिजवावा लागत नाही आणि लवकर वाळतो. धार्मिक कारणाने डुकराचे केस वर्ज्य असणाऱ्यांनी विकत घेताना स्पष्ट विचारावे. सलून चालवणाऱ्यांसाठी तर कृत्रिम ब्रशच सोयीचा.

येथेही प्रदेश महत्त्वाचा ठरतो. पांढुर्ण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात कोणताही ब्रश काही तासांत वाळतो. गोव्याच्या पावसाळ्यात मात्र नैसर्गिक केसांचा ब्रश दुसऱ्या दिवसापर्यंत दमट राहतो, त्याला कुबट वास येतो आणि बुरशी धरते. गोमंतकीयांना कृत्रिम तंतूंचा ब्रश अधिक उपयोगी, तो याच कारणाने. ब्रश कोणताही असो, वापरानंतर धुऊन, झटकून, हवेशीर जागी ठेवावा. बंद कपाटात नको. अस्वच्छ ब्रश किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण पहिल्या महायुद्धाच्या काळातले आहे. निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे त्या वेळी ब्रिटन आणि अमेरिकेत काळपुळीची, म्हणजे अँथ्रॅक्सची लागण झाली होती.

पाते: सर्वांत शेवटी

किंग कॅम्प जिलेट यांनी १९०३ मध्ये दुधारी पात्याचे यंत्र बाजारात आणले तेव्हा वर्षभरात अवघी ५१ यंत्रे आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी यंत्रांचा खप ९० हजारांवर गेला. सुरुवातीची पाती साध्या पोलादाची असल्याने गंजत. १९६० च्या दशकाच्या आरंभी गंजरोधक पोलादाची पाती रुळली आणि त्यांच्या धारेवर लेप देण्याची पद्धत आली. भारतात हा व्यवसाय चांगलाच रुजला. ‘सुपर-मॅक्स’ची पाती ठाण्यात बनत आणि परदेशांतही जात.

सर्वोत्तम पाते असे काही नसते. दाट आणि राठ दाढीला जास्त धारदार पाते लागते, कारण बोथट पाते केस कापण्याऐवजी ओढते. विरळ दाढी आणि नाजूक त्वचा असणाऱ्याला तेच पाते बोचते. जपानी ‘फेदर’ पाती तीक्ष्णपणासाठी प्रसिद्ध आहेत. नवशिक्याने त्यांपासून सुरुवात करू नये. निरनिराळ्या पात्यांची एकेक पुडी आणून पाहावी, मात्र त्या काळात साबण, ब्रश आणि यंत्र बदलू नये. नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही.

पाते किती दिवस टिकेल, हेही पाण्याशीच जोडलेले आहे. पोलाद केसाहून सुमारे ५० पट कठीण असूनही पाते बोथट का होते, याचा शोध अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील संशोधकांनी घेतला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, केस विशिष्ट कोनात वाकल्यास धारेचे सूक्ष्म टवके उडतात, असे आढळले. दुसरीकडे, पाणी प्यालेला केस फुगतो, मऊ होतो आणि कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. म्हणून दाढी अंघोळीनंतर करावी किंवा कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटे भिजवावी. पहिला हात केसांच्या वळणाने, दुसरा आडवा फिरवावा. उलटा हात शक्यतो टाळावा, कारण त्याने केस त्वचेखाली वळून पुटकुळ्या येतात. पाते ओढू लागले की बदलावे. साधारण चार-पाच दाढ्यांनंतर ती वेळ येते. दोन-पाच रुपयांच्या पात्यासाठी गाल पणाला लावण्यात अर्थ नाही.

श्रावणानंतरची गर्दी

श्रावण पाळणारे अनेक जण महिनाभर दाढी करीत नाहीत. पांढुर्ण्यात श्रावण अमावास्येला पोळा आणि दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा व सावरगाव यांच्यातली गोटमार होते. गोव्यात याच सुमारास चवथीची तयारी सुरू असते. महिन्याची वाढलेली दाढी थेट पात्याखाली देऊ नये. आधी कात्रीने किंवा ट्रिमरने ती खुंटांपर्यंत आणावी, मग भिजवावी.

अशा वेळी सलूनमध्ये गर्दी उसळते आणि खरी जोखीम तेथे असते. धोकटी घेऊन दारोदारी जाणारा न्हावी किंवा गोव्यातला म्हालो पूर्वी एकच वस्तरा चामड्यावर परजून अनेकांसाठी वापरीत असे. आता पाते मोडून त्याचा अर्धा तुकडा वस्तऱ्यात बसवण्याची रीत आली आहे. हा बदल मोलाचा आहे, पण तो तुकडा प्रत्येक ग्राहकाला नवा असेल तरच. हेपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो आणि त्याच्या लागणीला न दिसणाऱ्या रक्ताचा अंशही पुरतो. वस्तरा डेटॉलच्या पाण्यात बुचकळून काढणे हा त्यावरचा भरवशाचा उपाय नव्हे. तुरटीने त्वचा आकसते आणि रक्त थांबते, पण ती जंतुनाशक समजू नये. सर्वांच्या गालावरून फिरणारा तुरटीचा खडा तर स्वतःच संसर्ग वाहू शकतो. नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत पुडीतून काढावे, असे सांगण्यात कारागिराचा अपमान नाही. त्याच्या बोटांनाही तोच धोका असतो. मधुमेह असलेल्यांनी तर याबाबत मुळीच संकोच करू नये.

जुनी पाती ओल्या-सुक्या कचऱ्यात सुटी टाकू नयेत, त्यांनी सफाई कामगारांचे हात कापतात. पत्र्याच्या रिकाम्या डब्याला वर चीर पाडून पाती त्यात साठवावीत आणि डबा भरल्यावर बंद करून, आत काय आहे ते सांगून कचरा गोळा करणाऱ्याच्या हाती द्यावा. एका घराला असा एक डबा कित्येक वर्षे पुरतो.